मामांची एस्टीम, ॲक्सिलेटरबरोबर वाढणारी शिट्टी आणि आजोबांच्या चार कॅसेट

गाडी मारुती एस्टीम, २००४ ची, एमएच १३, पहिल्यापासून एकाच घरात म्हणजे आमच्या मामांकडे. मामा झेडपीच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झाले, जुळे सोलापूरला राहतात, आणि दर गुरुवारी मामा-मामी याच गाडीनं अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जातात, जाऊन-येऊन ८० किलोमीटरच्या आसपास. १५ वर्षं झाल्यावर आरटीओतून री-पासिंग करून घेतलं, इंजिन अजून मऊ चालतंय, पत्रा शाबूत आहे, कंपनीनं २००७ मधे हे मॉडेल बंद केलं तरी पार्ट मिळतात, आणि गाडी विकायचा विषय कुणी काढला की मामा चहा टाकायला सांगतात.

मामा माझ्याकडे आले ते जरा हिरमुसले होते. जुना कॅसेट प्लेअर बंद पडला म्हणून त्यांनी गावातल्या एका दुकानातून नवीन प्लेअर, मागच्या ट्रेवर अंडाकृती स्पीकर आणि डिकीत एक बास ट्यूब (नळीच्या आकाराचा, खालच्या आवाजाचा स्पीकर, आतच त्याचा ॲम्प) असं सगळं बसवून घेतलं होतं, ११ हजार गेले. आणि आता तक्रारी चार. गाडी रेस केली की स्पीकरमधून बारीक शिट्टी येते आणि रेस वाढली की शिट्टीपण चढते. आवाज अर्ध्याच्या वर नेला की शब्द फाटतात. ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा उघडला-लावला की तिथला स्पीकर कधी चालू कधी बंद. आणि गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की सकाळी स्टार्टर नुसता कुरकुरतो, दीड वर्षात दुसरी बॅटरी टाकायची वेळ आली होती. मामा म्हणाले, "अरे, एवढे पैसे घालून आधीचंच बरं होतं असं म्हणायची पाळी आली बघ. तू एकदा बघतोस का?"

मी काही दुकानवाला नाही, अक्कलकोट रोड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, पॅनलचं वायरिंग हे रोजचं काम आणि गाडीतल्या आवाजाचा नाद कॉलेजपासूनचा. हे सगळं एवढं सविस्तर लिहितोय कारण जुन्या गाडीत आवाज चांगला करायचा म्हटलं की सगळ्यांचा पहिला पैसा प्लेअरवर जातो, आणि माझं ठाम मत आहे की तो सगळ्यात शेवटी जायला पाहिजे. आधी वायर, अर्थिंग (म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे परत जाणारी वाट) आणि दरवाजे. या गाडीनं मला ते परत एकदा दाखवून दिलं.

काम एप्रिल-मेच्या रविवारी सकाळी सहा ते दहा असं केलं, कारण दहानंतर आपल्याकडे पत्र्याला हात लावता येत नाही हे सोलापूरकरांना सांगायला नको. सोबत माझा एक दोस्त, विजापूर वेसजवळचा ऑटो इलेक्ट्रिशियन, पंचवीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय, त्याच्या हाताला जे कळतं ते माझ्या मीटरला कळत नाही.

पहिल्या दिवशी काहीच खोललं नाही, फक्त मोजलं. बॅटरीची मायनस केबल १० च्या पान्यानं सोडवली, मल्टीमीटर १० अँपियरच्या सॉकेटवर लावून केबल आणि टर्मिनलच्या मधे जोडला, चावी काढलेली, दारं बंद, दहा मिनिटं थांबलो. (असं मीटर जोडलेलं असताना चुकूनही स्टार्टर मारायचा नाही, मीटरचा फ्यूज तरी जाईल नाहीतर मीटरच.) रीडिंग आलं ०.३८ अँपियर. गाडी पूर्ण बंद असताना घड्याळ वगैरे धरून ०.०५ च्या आत पाहिजे. आता हिशोब करा, ०.३८ गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला ९ अँपियर-अवर, बॅटरी ३५ ची, म्हणजे चार दिवसांत रिकामी. मामांची तक्रार तंतोतंत हीच होती आणि बॅटरीवाले बिचारे उगाच शिव्या खात होते. एकेक फ्यूज काढत गेलो, रेडिओचा फ्यूज काढला की रीडिंग धपकन खाली.

प्लेअर बाहेर ओढला तेव्हा कारण दिसलं. प्लेअरच्या मागे पिवळी वायर असते ती बॅटरीची कायमची सप्लाय, मेमरीसाठी, आणि लाल असते ती चावी फिरवल्यावर येणारी. बसवणाऱ्यानं पिवळी आणि लाल एकत्र पिळून दोन्ही कायमच्या सप्लायला टेप मारून टाकली होती, आणि बास ट्यूबला चालू करणारी निळी-पांढरी वायरपण त्याच गाठीत. म्हणजे मामा चावी काढून घरात जायचे, जेवायचे, झोपायचे, आणि डिकीतली बास ट्यूब रात्रभर जागीच. चावीची वायर शोधायला दहा मिनिटं लागतात, टेस्ट लॅम्प घेऊन. ती दहा मिनिटं वाचवली होती.

तिथेच अजून एक गोष्ट बघितली. प्लेअरच्या तोंडावर मोठ्या अक्षरात छापलेलं, ४ गुणिले ६० वॉट. मागे फ्यूज बघितला तर १० अँपियर. १० अँपियर गुणिले इंजिन चालू असतानाचे १४.४ व्होल्ट, म्हणजे प्लेअरमधे जास्तीत जास्त १४४ वॉट आत जाणार, त्यातला निम्मा-अर्धा उष्णतेत जाणार, मग बाहेर २४० वॉट येतील कुठून? चॅनलला, म्हणजे एका स्पीकरला, १७-१८ वॉट खरे, एवढंच. हे सगळ्याच प्लेअरचं असतं, चांगल्या कंपन्यांचंपण, छापलेला आकडा क्षणभराच्या पीकचा असतो. आवाज अर्ध्याच्या वर गेला की त्या छोट्या चिपचा दम संपतो, लाटेचे शेंडे सपाट होतात आणि आपल्याला ऐकू येतं ते फाटलेलं. तबल्याच्या थापेला एवढं लक्षात येत नाही, पण माणसाच्या गळ्याला लगेच येतं, "स" आणि "श" ला तर काटे फुटतात.

शिट्टीचं कारण प्लेअरच्या काळ्या वायरीत होतं. ती डॅशबोर्डच्या आतल्या एका पट्टीला स्क्रूनं आवळलेली, आणि पट्टीवर रंग, रंगाखाली गंज. इंजिन चालू केलं, हेडलाइट लावले, ब्लोअर लावला, मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला आणि लाल पिन प्लेअरच्या बॉडीला. ही दोन्ही टोकं मायनसच आहेत, त्यामुळे मीटरवर शून्य पाहिजे, ०.१ पर्यंत चालवून घेतो आपण. आले ०.९ व्होल्ट. अल्टरनेटर जी वीज तयार करतो ती मुळात एसी असते, डायोड तिची डीसी करतात, पण बारीक लहर शिल्लक राहतेच, आणि अर्थिंगच्या वाटेत असा अडथळा असला की ती लहर आवाजाच्या सिग्नलवर चढून बसते. इंजिन जोरात फिरलं की अल्टरनेटर जोरात फिरतो, लहर बारीक होते, म्हणून शिट्टीचा सूर रेसबरोबर चढतो. दोस्तानं बोनेटखाली हात घातला आणि बॅटरी ते बॉडी आणि बॉडी ते इंजिन अशा दोन्ही अर्थ केबलच्या थिंबलवरचा (केबलच्या टोकाला बोल्टसाठी असते ती कडी) हिरवा-पांढरा कार्बन मला नखानं खरवडून दाखवला. "वीस वर्षाची गाडी, अर्थिंग बी वीस वर्षाचंच की," म्हणाला.

दोन्ही केबल नवीन केल्या, जाड तांब्याच्या, थिंबल दाबून, बॉडीचा रंग पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासून, आवळल्यावर वरून ग्रीस. खर्च पाचशेच्या आत. यानंतर हेडलाइटचा उजेडपण वाढला, मामींनी संध्याकाळी स्वतःहून विचारलं की बल्ब बदलले का.

आता जी गोष्ट बघून माझ्या पोटात खड्डा पडला ती सांगतो, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. बास ट्यूबची लाल वायर थेट बॅटरीच्या प्लसवरून आलेली, मधे फ्यूज नाही. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याला ड्रिलनं भोक पाडून ती आत घेतली होती, भोकाला रबरी बूच नाही, नुसती पत्र्याची धार. आमच्याकडच्या रस्त्यांचे धक्के खाऊन खाऊन वायरीचं वरचं आवरण अर्धं कापलं गेलं होतं, आत तार चमकत होती. अजून दोन-चार महिने आणि ती तार पत्र्याला लागली असती. ३५ अँपियर-अवरची साधी बॅटरी शॉर्ट झाली की काही शे अँपियर सोडते, वायर लालबुंद होते आणि ती वायर जात होती मामींच्या पायाखालच्या गालिच्यातून. मी त्या वायरीचा तुकडा कापून ठेवलाय. दुकानदाराशी भांडायला मामा गेले नाहीत, तो त्यांचा स्वभाव नाही, पण मला अजूनही त्याचा राग आहे. फ्यूज आणि त्याचं होल्डर दीडशे रुपयाला येतं. गाडीत कुठलाही ॲम्प, म्हणजे आवाजाची ताकद वाढवणारी डबी, बसवला असेल तर आजच बोनेट उघडून बघा, बॅटरीपासून हातभराच्या आत, म्हणजे ४५ सेंटीमीटरच्या आत फ्यूज पाहिजेच पाहिजे, आणि पत्र्यातून वायर जाते तिथे रबर. फ्यूज ॲम्पजवळ लावून उपयोग नाही, कारण वाचवायची आहे ती मधली वायर.

दुसऱ्या रविवारी दरवाजे. या एस्टीमला काच हातानं फिरवायचं हँडल आहे, ते हँडल काढायला स्क्रू नसतो, मागे एक तारेची क्लिप असते. हँडल आणि दरवाजाच्या पॅडच्या मधे जुन्या बनियनची पट्टी घालायची आणि बूटपॉलिश केल्यासारखी दोन्ही हातांनी इकडून तिकडे ओढायची, क्लिप टपकन उडते. एक हात वर धरायचा, नाहीतर क्लिप अंगणात शोधत बसा. पॅड निघाल्यावर आतला प्लॅस्टिकचा कागद फाटलेला, स्पीकरच्या कोनाभोवतीचा फोम हात लावताच पिठासारखा गळला, मॅग्नेटवर गंज. पावसात काचेवरून येणारं पाणी दरवाजाच्या आतून खाली जातं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, दरवाजा आतून ओला होणारच, खालची पाणी जायची भोकं त्यासाठीच असतात आणि ती कधीही बुजवायची नाहीत.

दरवाजा लावल्यावर बंद होणाऱ्या स्पीकरचं कोडं तिथेच सुटलं. दरवाजा आणि खांबाच्या मधे रबराची जी सोंड असते तिच्यातून वायरी येतात, वीस वर्षं दिवसातून दहा वेळा त्या वाकल्या. वरून वायर अख्खी दिसत होती, पण दोन बोटांत धरून वाकवली की एका जागी मऊ लागत होती, आत तार तुटलेली, आवरणानंच धरून ठेवलेली. तेवढा भाग नवीन घातला, सोल्डर करून वरून स्लीव्ह, आणि जोड सोंडेच्या आत येणार नाही असा, कारण सोल्डर केलेली जागा ताठ होते आणि वाकली की परत तिथेच तुटते.

इथे मामांशी बसून नीट बोललो, कारण काय पाहिजे ते ठरल्याशिवाय काय घ्यायचं ते ठरत नाही. मामांना धडधड नको होती. म्हणाले, "मला शब्द कळले पाहिजेत रे, काच लावून साठ-सत्तरनं चाललो की भजनातले शब्द कळले पाहिजेत, तुझ्या मामीला हल्ली कमी ऐकू येतं." बजेट २० हजार. म्हणजे पुढचे दोन स्पीकर चांगले, त्यांना पुरेशी ताकद, आणि दरवाजा घट्ट. बास ट्यूब काढून टाकली.

पुढे कंपोनंट घेतले, म्हणजे दरवाजात साडेसहा इंची आणि चिमणीएवढा ट्वीटर वेगळा, तो काचेच्या पुढच्या कोपऱ्यात. माणसाच्या उच्चारातला धारदार भाग वरच्या पट्टीत असतो, आणि तो आवाज सरळ रेषेत जातो, खाली गुडघ्याजवळच्या स्पीकरमधून निघाला तर अर्धा पँटमधेच जातो. ट्वीटर वर आला की गाणारा माणूस डॅशबोर्डवर समोर बसल्यासारखा वाटतो. स्पीकर घ्यायच्या आधी काच पूर्ण खाली करून स्पीकरच्या जागेपासून काचेपर्यंतचं अंतर पट्टीनं मोजलं, नाहीतर मॅग्नेट काचेला अडतं आणि मग दुकानात परत घेत नाहीत. मोजल्यावर कळलं की बारा-पंधरा मिलीमीटरची रिंग मधे लागणार. लाकडी भुशाच्या बोर्डाची रिंग मिळते पण दरवाजातल्या पाण्यानं ती फुगते, म्हणून भांड्यांच्या दुकानातून भाज्या चिरायचा जाड पांढरा प्लॅस्टिकचा पाट आणला आणि जिगसॉनं त्याच्या दोन रिंगा कापल्या. एकदम पक्क्या झाल्या.

मग दरवाजा बंद करायचं काम. स्पीकरचा कोन पुढे ढकलतो तेव्हा मागे ओढतो, पुढची लाट आणि मागची लाट उलट असतात, आणि दरवाजाच्या आतल्या पत्र्याला हात जाईल एवढाली भोकं असली की मागची लाट त्यातून बाहेर येऊन पुढच्या लाटेला खाऊन टाकते. खालचा आवाज मग राहतच नाही, आणि माणूस म्हणतो स्पीकर चांगला नाही, सबवूफर लावूया. भोकं बुजवली, बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटाइलच्या शीट लावल्या, रोलरनं दाबून. शीट घेताना एक लक्षात ठेवा, स्वस्तातली डांबराची असते, छताच्या वॉटरप्रूफिंगला वापरतात ती. आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४२-४३ डिग्री जाते, उन्हात उभ्या गाडीच्या दरवाजाचा पत्रा त्याच्या कितीतरी पुढे. शेजाऱ्यांच्या गाडीत तसली शीट होती, उन्हाळ्यात ती वितळून काचेच्या मेकॅनिझमवर ओघळली आणि गाडीत आठ दिवस डांबराचा वास. ब्युटाइल रबरच आहे याची खात्री करूनच घ्या. शीट लावल्यावर मामांनी दरवाजा लावला आणि परत उघडून परत लावला. आधी पत्र्याचा डबा आपटल्यासारखा यायचा, आता नुसता दबका ठप्प.

ॲम्प छोटा, चार चॅनलचा, क्लास डी, चॅनलला खरे ५० वॉट. क्लास डी मुद्दाम, कारण तो ८० टक्क्यांच्या पुढे वीज आवाजात घालतो, कमी तापतो, आणि जुन्या गाडीच्या अल्टरनेटरवर उगाच भार टाकत नाही. हिशोब असा: २०० वॉट भागिले ०.८ म्हणजे २५० वॉट, भागिले १३.८ व्होल्ट म्हणजे १८ अँपियर, म्हणून फ्यूज ३० चा आणि वायर ८ गेजची. वायरीत फसवणूक फार होते, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार तांब्याच्या नावानं विकतात. एक तार घेऊन ब्लेडनं खरवडायची, आत पांढरट चमकली तर ॲल्युमिनियम. ॲम्प पुढच्या सीटखाली, पॉवरची वायर डाव्या बाजूनं, प्लेअरकडून ॲम्पला सिग्नल नेणाऱ्या आरसीए वायरी उजव्या बाजूनं, ॲम्पची अर्थिंग सीटच्या बोल्टजवळ रंग घासून, हातभरापेक्षा लांब नाही.

सगळं जोडलं, गाडी चालू केली, आणि शिट्टी होतीच. आधीपेक्षा बारीक, पण होती. त्या सकाळी मी फार खट्टू झालो, खोटं कशाला सांगू. दोस्त म्हणाला, बाजारात दीडशेला फिल्टर मिळतो, आरसीएच्या मधे घातला की गप्प होतं. मिळतो, आणि गप्पपण होतं, पण त्या डबीत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, स्वस्तातले असले की खालचा आवाज खातात, आणि मूळ दोष तसाच आत राहतो. मी नको म्हणालो. आरसीए वायरी ॲम्पमधून काढल्या, शिट्टी बंद, म्हणजे ॲम्प आणि त्याची पॉवर स्वच्छ आहे, दोष पुढून येतोय. मग आठवलं की गाडीच्या अर्थ केबल नवीन केल्या, ॲम्पची अर्थिंग नवीन केली, पण प्लेअरची काळी वायर अजून त्याच रंगवलेल्या पट्टीवर होती! एवढं सगळं मोजून तेवढंच राहिलं होतं. ती तिथून सोडवली आणि वेगळी वायर टाकून ॲम्पच्याच बोल्टवर नेली, दोघांचं मायनस एकाच जागी. चावी मारली, रेस दिली, चार हजारपर्यंत नेली. काही नाही. नुसतं इंजिन. दोस्त गाडीच्या बाहेर उभा होता, त्यानं खिडकीत डोकं घालून विचारलं, "प्लेअर चालू हाय ना बे?"

नवीन प्लेअर सिंगल डिनच घेतला, १८० बाय ५० मिलीमीटरचा जो जर्मन स्टँडर्डचा खाचा असतो तोच, डॅशबोर्ड कापायला मामांची परवानगी नव्हती आणि माझीपण इच्छा नव्हती. मोठ्या स्क्रीनसाठी जुन्या गाडीचा डॅशबोर्ड कापतात ते मला बघवत नाही, परत तो होत नाही. ब्लूटूथ, पेन ड्राइव्ह, आकाशवाणी सोलापूर लागलं पाहिजे, आणि मागे आरसीएचे दोन जोड, एवढंच बघितलं. पुढच्या स्पीकरना ८० हर्ट्झच्या खालचं काही द्यायचं नाही असं फिल्टर लावलं, ते खालचं मागच्या ट्रेवरच्या अंडाकृतींना, हळू आवाजात.

ॲम्पवरचा गेनचा स्क्रू (प्लेअरकडून आलेला सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा) म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, पण बहुतेक ठिकाणी तो कानानं, फाटेपर्यंत फिरवून सोडतात आणि मग ट्वीटर जळतात. साधी रीत आहे. ५० वॉट गुणिले स्पीकरचे ४ ओहम म्हणजे २००, त्याचं वर्गमूळ १४.१. स्पीकरच्या वायरी काढून ठेवायच्या, पेन ड्राइव्हवर टेस्ट टोन लावायचा, प्लेअरचा आवाज पाऊणपर्यंत, इक्वलायझर सपाट, मीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या आउटपुटला लावायचा आणि गेन हळूहळू वाढवत १४ व्होल्टला थांबायचं. पुढच्या चॅनलसाठी टोन मी १०० हर्ट्झचा घेतला आणि तेवढ्यापुरतं फिल्टर बंद ठेवलं.

बिल असं झालं: प्लेअर ५२००, पुढचे कंपोनंट ४६००, ॲम्प ५५००, वायर-फ्यूज-आरसीए-थिंबल १९००, ब्युटाइल १६००, अर्थ केबल आणि किरकोळ ५००. एकूण १९,३००. मजुरी मामींच्या कडक भाकरी आणि शेंगा चटणीत फिटली. आता बंद गाडीचं रीडिंग ०.०३ अँपियर आहे, आणि हेडलाइट-ब्लोअर लावून प्लेअरच्या मागे १३.७ व्होल्ट मिळतात, आधी ११.६ होते.

पण मामांचं खरं काम अजून राहिलं होतं, आणि ते त्यांनी शेवटच्या रविवारी बोलून दाखवलं. कपाटातून एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणला, त्यात जुन्या प्लेअरबरोबर चार कॅसेट, साठ मिनिटांच्या, वर पेन्सिलीनं लिहिलेलं "आषाढी" आणि "काकड आरती". मंगळवेढ्याकडच्या त्यांच्या गावात १९८९ ला आजोबांच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग केलं होतं. जुना प्लेअर बंद पडल्यापासून ते कुणी ऐकलंच नव्हतं. तेव्हा मला कळलं की कॅसेट प्लेअर गेल्याचं त्यांना एवढं का लागलं होतं.

कॅसेट गाडीच्या प्लेअरमधे परत घालायच्या नाहीत असं मी सांगितलं, एकदा टेप अडकली की गेली. माझ्याकडच्या टेपडेकचा बेल्ट बदलला, हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं कापसाच्या काडीनं पुसले, काडी तपकिरी झाली, तीन काड्या तशाच. कॅसेट दोन्ही बाजूंना एकेकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घेतली, म्हणजे चिकटलेली टेप सुटते. पहिल्यांदा लावली तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा. हेडच्या शेजारी स्प्रिंगवाला एक बारीक स्क्रू असतो, त्यानं हेडचा कोन जुळतो, ज्या मशीनवर रेकॉर्ड केलं तिचा कोन आणि आपल्या मशीनचा कोन वेगळा असला की वरचा सगळा आवाज मरतो. स्क्रूची मूळ जागा मार्करनं खूण करून ठेवली आणि कानाला हेडफोन लावून अगदी केसभर, केसभर फिरवत गेलो, आणि पाव आट्याच्याही आधी एका जागी टाळ उघडले. खरंच सांगतो, नुसती खरखर होती तिथून एकदम टाळांचा खणखणाट वर आला आणि मागे एकतारी होती ती वेगळी ऐकू आली. लाइन आउटमधून कॉम्प्युटरवर ४४.१ किलोहर्ट्झनं घेतलं, खरखर काढायचं सॉफ्टवेअर जवळजवळ वापरलं नाही कारण ते खरखरीबरोबर टाळपण नेतं. दोन कॅसेट झाल्या, पेन ड्राइव्हवर घातल्या.

पुढच्या गुरुवारी मी रजा टाकली आणि मागच्या सीटवर बसलो. कुंभारी मागे पडेपर्यंत मामांनी काही लावलंच नाही, मग वळसंगच्या अलीकडे पेन ड्राइव्ह लावला. आधी कुणीतरी खोकलं, कुणीतरी पखवाजावर बोट मारून बघितलं, आणि मग आजोबांचा आवाज, काचेच्या पलीकडे रस्त्यावर कुठंतरी उभं राहून गायल्यासारखा. मामांचा हात पुढे गेला, मला वाटलं आवाज कमी करतायत. त्यांनी ब्लोअर बंद केला. मे महिना, सकाळचे दहा, काचा लावलेल्या, कुणी काही बोललं नाही, वळसंग गेलं, अक्कलकोट येईपर्यंत आम्ही तिघं घामानं निथळत बसून राहिलो.

गाडी लावल्यावर मामी उतरता उतरता माझ्याकडे वळून म्हणाल्या, "राहिलेल्यातल्या एका कॅसेटवर माझे वडील आहेत बरं का टाळावर, ती आधी कर."